रस्ता फाडून वर आलेलं पाणी आणि स्वतःहून उघडणारे दरवाजे : इंजिनिअर विश्वेश्वरय्यांची गोष्ट



मार्च २०२३ मधला एक सीसीटीव्ही व्हिडिओ तुमच्या फोनवर नक्की येऊन गेला असेल. साधा शहरी रस्ता. अचानक रस्ता मधोमध फुगतो, फाटतो आणि आतून दगडमातीसकट पाण्याचा लोट वर उडतो. त्याच वेळी स्कूटीवरून जाणारी एक महिला त्यात सापडते. ती जखमी झाली होती. तो रस्ता आमच्या यवतमाळचा. जमिनीखालची पाण्याची पाइपलाइन फुटली होती.

मला तो व्हिडिओ पुण्यातल्या एका मित्राने पाठवला, हे तुझंच गाव ना असं विचारत. आणि खाली हसणारे इमोजी. मला काही हसू आलं नाही, कारण त्या रस्त्यावरून आम्ही रोज जातो. पण एक प्रश्न मात्र डोक्यात बसला. जे पाणी आमच्या घरच्या नळाला धड करंगळीएवढ्या धारेने येत नाही, त्याच पाण्यात रस्ता फाडायची ताकद आली कुठून?

हे शोधत बसलो आणि वाचता वाचता एका माणसापाशी येऊन थांबलो. त्यांना आपण सगळे ओळखतो, पण फक्त १५ सप्टेंबरच्या स्टेटसपुरते. म्हैसुरी पगडी, गोल चष्मा आणि खाली अभियंता दिनाच्या शुभेच्छा. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. त्यांचा फोटो मीही दरवर्षी टाकत आलोय, पण त्यांनी नोकरीची जवळजवळ २४ वर्षं जुन्या मुंबई इलाख्यात काढली, त्यातली बरीच आपल्याच धुळे-नाशिक-पुणे भागात, आणि त्यातला मोठा भाग नळ, गटार, कालवे आणि जुनी धरणं यांच्यात गेला, हे मला माहीत नव्हतं. म्हणून आजचा लेख त्यांच्यावर.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. रेल्वेत बसल्या बसल्या रुळाचा आवाज ऐकून पुढे रूळ तुटलाय हे ओळखून त्यांनी साखळी ओढली, असा फॉरवर्ड तुम्हाला आला असेल. सरकारी मेणबत्ती आणि स्वतःची मेणबत्ती हाही आला असेल. ते मी इथे घेतलेले नाहीत. खरं काम एवढं आहे की फॉरवर्डची गरजच नाही.

शिकवण्या घेऊन शिकलेला मुलगा

जन्म १५ सप्टेंबर १८६१, गाव मुद्देनहळ्ळी, बंगळूरच्या उत्तरेला चिक्कबळ्ळापूरजवळ. वडील संस्कृतचे जाणकार, पण पैसा नाही. ते विश्वेश्वरय्या लहान असतानाच गेले. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात शिकताना त्यांनी दुसऱ्यांच्या मुलांच्या शिकवण्या घेऊन स्वतःचा खर्च काढला. बी. ए. झाल्यावर म्हैसूर संस्थानाची शिष्यवृत्ती मिळाली आणि ते पुण्याला आले, कॉलेज ऑफ सायन्समध्ये. म्हणजे आजचं सीओईपी. १८८३ मध्ये इंजिनिअरिंगच्या परीक्षेत ते मुंबई इलाख्यात पहिले आले, आणि त्या काळी पहिला येणाऱ्याला सरकारी नोकरी पक्की होती. १८८४ मध्ये ते सार्वजनिक बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअर म्हणून नाशिकला रुजू झाले. वय २३ सुद्धा पूर्ण नाही. आज त्या वयाची आमची पोरं कॅम्पस प्लेसमेंटची वाट बघत असतात.

पहिलं मोठं काम खानदेशात, धुळ्याकडे. पांझरा नदीच्या पात्रातून पाइपचा सायफन टाकून पाणी पलीकडे न्यायचं. सायफन म्हणजे काय, तर पाइप नदीखालून खाली उतरतो आणि पलीकडच्या काठावर पुन्हा वर चढतो. पंप नाही, काही नाही. या बाजूची पातळी त्या बाजूपेक्षा थोडी जास्त असली की पाणी आपोआप वर येतं. पारदर्शक नळी दोन्ही टोकांना धरून गवंडी घराची लेव्हल काढतात ना, तेच तत्त्व. अडचण तत्त्वात नव्हती, पावसात होती. पांझरेला पूर, पात्रात गाळ, काम वाहून जायची भीती. काम पावसाळ्यानंतर करू असं त्यांनी वर कळवलं, तर साहेबांना ते आवडलं नाही. मग त्यांनी त्याच पावसात काम पुरं केलं. माझं मत विचाराल तर आधीचा सल्लाच बरोबर होता. पण नव्या नोकरीतल्या माणसाला असं म्हणून चालत नाही, तेव्हाही आणि आताही.

झिऱ्याचं पाणी, पण शहरासाठी

१८९३ च्या सुमारास त्यांना सिंधमध्ये सक्करला पाठवलं गेलं. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता. सक्कर सिंधू नदीच्या काठावर आहे, पण प्यायचं पाणी म्हणजे गढूळ चहा. टेकडीवर टाकी बांधायची, तिथे पाणी चढवायचं, गाळायचं आणि शहराला सोडायचं, अशी योजना. पण गाळण्याच्या मोठ्या टाक्या बांधायला नगरपालिकेकडे पैसे नव्हते. हे वाक्य तुम्हाला ओळखीचं वाटलं असेल!

आता त्यांनी काय केलं बघा. नदीच्या पात्रातच, काठाजवळ, विहीर खोदली. नदीचं पाणी वाळूच्या थरातून झिरपत झिरपत त्या विहिरीत येणार आणि येताना वाळूच त्याला गाळणार. पाणी कमी पडू नये म्हणून पात्राखालून बोगदाही काढला. मग ते पाणी पंपाने टेकडीवर. वेगळ्या फिल्टरचा खर्चच वाचला.

वाचल्यावर मला माझी आजी आठवली. आमच्याकडे उन्हाळ्यात नदी आटली की बाया पात्रातल्या वाळूत हातभर खड्डा करतात, त्याला झिरा म्हणतात. त्यात हळूहळू काचेसारखं पाणी जमतं आणि वाटीने गुंडात भरायचं. आजीने अर्धं आयुष्य ते पाणी आणलं. सक्करची विहीर म्हणजे झिराच, फक्त शहराएवढा मोठा. गावोगावच्या बायांना जे माहीत होतं, ते विश्वेश्वरय्यांनी मोजून, नकाशावर आणून, पंप जोडून उभं केलं. तंत्रज्ञान पुष्कळदा असंच असतं. १८९५ मध्ये सक्करला नळाचं पाणी सुरू झालं.

त्यानंतर सुरत, मग पुन्हा पुणे. १८९८ मध्ये ते जपान बघून आले. पुण्यात रानडे, गोखले यांच्याशी ओळख, उठबस. सकाळी वेळेवर तयार, कपडे कडक इस्त्रीचे, कागद जागच्या जागी, असा माणूस. अशा माणसाबरोबर राहणं सोपं नसेल असं मला वाटतं, पण पाणीपुरवठ्याला असाच माणूस लागतो.

कालव्याचं पाणी आणि डेटा पॅक

१८९९ मध्ये पुण्यात पाटबंधाऱ्याचं काम त्यांच्याकडे आलं. तिथे त्यांना दिसलं की नीरा कालव्यावर पाणी सगळं वरच्या टोकाला संपतंय. वरचे बागायतदार उसाला भरमसाट पाणी देतात, त्यांची जमीन पाणथळ होते, डास वाढतात. आणि खालच्या टोकाच्या गावांना थेंब नाही. घरात एकच वायफाय आणि राउटरशेजारी बसलेला भाऊ सगळा स्पीड खातोय, तसं.

त्यांनी ब्लॉक पद्धत आणली. कालव्याखालची जमीन ठराविक तुकड्यांत वाटायची, पाणी अनेक गावांत पसरायचं, प्रत्येक ब्लॉकची पाळी ठरवायची, पाणी मोजून द्यायचं आणि पिकंही फिरवायची. म्हणजे प्रत्येकाला ठरलेला डेटा पॅक, आणि तो ठरलेल्या वेळेतच वापरायचा. बागायतदारांनी सुरुवातीला जोरदार विरोध केला. साहजिक आहे, ज्याचं अमर्याद पाणी मोजलं जातं तो ओरडणारच. पुढे ही पद्धत महाराष्ट्रात रुळली.

चोवीस वर्षांचं धरण

आता मुख्य गोष्टीवर येतो.

पुण्याजवळचं खडकवासला धरण कर्नल फाइफ नावाच्या इंग्रज इंजिनिअरने बांधलं, ते १८७९ मध्ये पुरं झालं. मुठा नदीवरची दगडी भिंत. पुण्याचं पिण्याचं पाणी, खडकीच्या लष्कराचं पाणी आणि कालवा, सगळं त्याच्यावर. विसावं शतक लागलं तेव्हा शहर वाढलेलं, पाणी कमी पडू लागलेलं. सोपा उपाय म्हणजे भिंत उंच करा. पण जुन्या भिंतीवर आणखी दगड चढवले की खर्च येतो आणि जास्त पाण्याचा जोर त्या जुन्या बांधकामावरच पडतो.

विश्वेश्वरय्यांनी भिंतीऐवजी सांडव्याकडे बघितलं. सांडवा म्हणजे धरण भरल्यावर जास्तीचं पाणी जिथून वाहून जातं ती जागा. तिथून दर पावसाळ्यात किती पाणी फुकट जातं! त्यावर दरवाजे बसवले तर तेवढं पाणी अडेल. पण धोका असा की दरवाजे बंद असताना मध्यरात्री पूर आला आणि उघडणारा माणूस झोपला असला तर पाणी धरणावरून जाईल, आणि दगडी धरणावरून पाणी गेलं की भिंतीच्या पायथ्याशी काय होईल सांगता येत नाही. त्या काळी धरणावर आजच्यासारखे सेन्सर नव्हते.

म्हणून त्यांनी माणूसच काढून टाकला. दरवाजे स्वतःहून उघडतील आणि स्वतःहून बंद होतील अशी रचना केली. बारीकसारीक भाग सोडून तत्त्व सांगतो. दरवाजा साखळीने एका वजनाला जोडलेला, तराजूसारखा तोललेला. हे वजन एका हौदात लोंबतंय. धरणाचं पाणी ठरलेल्या पातळीपर्यंत असेल तोवर हौद कोरडा आणि दरवाजा बंद. पातळी त्याच्या वर गेली की पाणी हौदात शिरतं. पाण्यात बुडालेली वस्तू हलकी होते, हे विहिरीतून बादली ओढणाऱ्याला माहीत असतं: पाण्यात असेपर्यंत हलकी, बाहेर आली की जड. तसं वजन हलकं झालं, तोल बिघडला, दरवाजा सरकला, पुराचं पाणी वाहून गेलं. पातळी उतरली, हौद रिकामा झाला, वजन पुन्हा जड, दरवाजा बंद. तुमच्या फ्लशच्या टाकीतला फुगा याच्याच नात्यातला आहे. ज्या गोष्टीचा धोका, त्या गोष्टीनेच स्विच दाबायचा. आज याला आपण ऑटोमेशन म्हणतो आणि त्यासाठी सर्व्हर लागतो असं समजतो.

१९०३ मध्ये खडकवासल्याला हे दरवाजे बसले. धरणाची भिंत न वाढवता पाण्याची पातळी सुमारे ८ फुटांनी चढली. त्यांनी पेटंट घेतलं, पण सरकारी नोकरीत असताना लावलेला शोध म्हणून त्यावर पैसे घेतले नाहीत असं सांगतात.

गंमत बघा. ते धरण तेव्हा २४ वर्षांचं होतं. आम्ही चोवीस वर्षांच्या पाइपलाइनला नवी समजतो!

त्या वर्षांत आमच्याकडे काय चाललं होतं? यवतमाळ जिल्ह्याला हे नावही नव्हतं. वणी म्हणजे वूण जिल्हा म्हणायचे, १९०५ मध्ये यवतमाळ झाला. वऱ्हाड कागदावर निजामाचा होता, पण १९०२ मध्ये इंग्रजांनी तो कायमच्या भाड्याने घेतला. कापूस नेण्यासाठी मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद रुळांची रेल्वे आली, तीच आपली शकुंतला, जी १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर चालत होती. कापसासाठी रूळ आले. नळ यायला मात्र पुढे बराच वेळ लागला.

पुरातलं हैदराबाद, मग म्हैसूर

१९०६ मध्ये त्यांना एडनला पाठवलं गेलं. समुद्राकाठचं वाळवंटी बंदर, तिथल्या पाण्याची आणि गटारांची योजना त्यांनी करून दिली. १९०८ मध्ये मात्र त्यांनी मुंबई सरकारची नोकरी सोडली. हिंदी माणूस चीफ इंजिनिअरच्या खुर्चीपर्यंत पोचणार नाही हे तोवर उघड झालं होतं.

ते परदेश दौऱ्यावर असतानाच, २८ सप्टेंबर १९०८ ला, हैदराबादेत मुसी नदीला महापूर आला. हजारो माणसं गेली. निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना बोलावलं. त्यांनी आधी पावसाचे आकडे आणि वरच्या खोऱ्यातले तलाव तपासले. मुसीच्या खोऱ्यात जुन्या काळातले कितीतरी छोटे तलाव होते. ढगफुटीसारख्या पावसात एक फुटला, त्याचं पाणी खालच्यावर आलं, तो फुटला, मग त्याच्या खालचा. शहरात शिरलं ते सगळ्यांचं मिळून पाणी. म्हणून त्यांनी शहराच्या वर दोन मोठे जलाशय सुचवले. उस्मानसागर आणि हिमायतसागर. पूर अडवायचा आणि तेच पाणी शहराला प्यायला द्यायचं. हे दोन्ही पुढे १९२० च्या दशकापर्यंत बांधून झाले आणि हैदराबादने त्यांचं पाणी पिढ्यान्‌पिढ्या प्यायलं.

यापुढचा भाग तुम्हाला शाळेत शिकवलेला असतो, म्हणून भरभर सांगतो. १९०९ मध्ये म्हैसूरचे चीफ इंजिनिअर. १९११ मध्ये कावेरीवर कृष्णराजसागरचं काम सुरू. सिमेंटऐवजी चुना आणि विटांची भुकटी म्हणजे सुरखी वापरून. १९१२ ते १९१८ म्हैसूरचे दिवाण. बँक, विद्यापीठ, भद्रावतीचा लोखंड कारखाना. दिवाणपद सोडण्यामागचं कारण मात्र स्टेटसवर कोणी लिहीत नाही. सरकारी नोकऱ्यांत ब्राह्मणेतरांसाठी जागा राखाव्यात अशी महाराजांची दिशा होती आणि विश्वेश्वरय्यांना ती मान्य नव्हती. पाण्याच्या बाबतीत वरच्या टोकाचं खालच्या टोकाला द्यायला निघालेला माणूस इथे वेगळा वागला. मला ते खटकतं, म्हणून लिहिलं.

आणि त्यांचं सगळंच टिकलं असंही नाही. त्यांचे स्वयंचलित दरवाजे ग्वाल्हेरजवळच्या तिघरा धरणालाही बसवले होते. ते धरण ऑगस्ट १९१७ मध्ये फुटलं. पायाखालच्या वालुकाश्मात पाणी झिरपत गेलं आणि भिंतीखालचा आधारच गेला. वर दरवाजे कितीही हुशार असोत, खाली जमीन काय आहे हे दरवाज्यांना कळत नाही.

मग रस्ता का फुटतो?

आता माझ्या पहिल्या प्रश्नाकडे येऊ.

पाणी दाबलं तरी जवळजवळ आकसत नाही. मोठ्या पाइपमधून वेगाने चाललेलं पाणी म्हणजे चालत्या मालगाडीसारखं, शेकडो टन वजन. पुढचा व्हॉल्व्ह झटकन बंद केला किंवा वीज जाऊन पंप अचानक थांबला, की त्या पाण्याचा धक्का पाइपला बसतो. त्याला वॉटर हॅमर म्हणतात. पाणी सेकंदाला फक्त १ मीटर वेगाने, म्हणजे माणूस चालतो तेवढ्याच वेगाने, जात असेल आणि एकदम थांबलं, तर लोखंडी पाइपमधला दाब साधारण १० बारने चढू शकतो. तुमच्या कारच्या टायरमध्ये सव्वादोन बारच्या आसपास हवा असते. म्हणजे त्याच्या चौपट, तेही क्षणात. घरात नळ पटकन बंद केल्यावर भिंतीत ठक्क असा आवाज येतो ना, तो त्याचाच लहान भाऊ.

दुसरं कारण हवा. चोवीस तास पाणी असलेल्या शहरात पाइप कायम भरलेला असतो. आपल्याकडे काही दिवसांआड पाणी येतं, म्हणजे मधल्या काळात पाइप रिकामा, त्यात हवा. पाणी सोडलं की ती हवा पुढे ढकलली जाते, उंच जागी अडकते, दाबली जाते. तिला बाहेर पडायला एअर व्हॉल्व्ह असतात, पण ते गंजले किंवा त्यांच्या चेंबरवर डांबर टाकून रस्ता केला, तर हवा जाणार कुठे? रोज भरणारा आणि रोज रिकामा होणारा पाइप म्हणजे रोज वाकवलेली तार. फुटणारा पाइप जुनाच असतो असंही नाही. नव्या पाइपचा एखादा सांधा कच्चा राहिला तर तोही पहिल्या मोठ्या दाबाला जातो.

आणि रिकाम्या पाइपचा तिसरा त्रास, जो व्हिडिओत दिसत नाही. आत दाब नसला की बाहेरचं पाणी भेगेतून आत शिरतं. शेजारून गटार वाहत असेल तर तेही. त्यात गल्लीत चार घरांनी नळाला टुल्लू पंप लावले की पाइपमध्ये आणखी ओढ तयार होते. पहिली पाच मिनिटं पिवळं पाणी येतं ते याच्यामुळेही असू शकतं. ते भरू नका, सोडून द्या, आणि प्यायचं उकळून घ्या.

२०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळला पाणी देणारी निळोणा आणि चापडोह ही दोन्ही धरणं आटली होती. शहर टँकरवर जगत होतं. मी तेव्हा बारावीला. ड्रमला कुलूप लावलेलं मी त्या वर्षी पहिल्यांदा बघितलं. नंतर बेंबळा धरणातून पाणी आणायची मोठी पाइपलाइन झाली. पण धरण नवीन जोडलं तरी पाणी शेवटी त्याच जुन्या गल्ल्यांमधून, जुन्या आणि नव्या पाइपांच्या सांध्यांमधून घरी यायचं असतं. खडकवासल्याच्या भिंतीवर किती जोर टाकायचा हा जो हिशेब १९०३ मध्ये झाला, तोच आज प्रत्येक गल्लीतल्या पाइपचा करावा लागतो. त्यासाठी पाइप कुठे आहे, किती इंची आहे, कधी टाकला, हे आधी कुठेतरी लिहिलेलं पाहिजे.

१२ जुलै १९६१

विश्वेश्वरय्या फार जगले. १९२६ मध्ये मुंबईतल्या बॅकबे भरावाच्या गोंधळाची चौकशी झाली, त्या समितीवर ते होते. १९५५ मध्ये भारतरत्न मिळालं तेव्हा नव्वदी ओलांडलेली. त्या वयातही ते पूल आणि धरणांच्या जागांवर जाऊन सल्ला देत होते.

ते शंभरीच्या उंबरठ्यावर असताना, १२ जुलै १९६१ च्या सकाळी, पुण्याच्या वर बांधकाम चालू असलेलं पानशेत धरण फुटलं. मातीचं धरण. ते सगळं पाणी खाली खडकवासल्यावर आलं. ८२ वर्षांची ती दगडी भिंत काही तास उभी राहिली आणि दुपारी तीही फुटली. पुण्याचं काय झालं ते पुण्यातल्या कुठल्याही जुन्या माणसाला विचारा. पेठाच्या पेठा पाण्याखाली, शेकडो माणसं गेली, आणि शहराच्या नळाचं पाणी ज्या धरणातून येत होतं तेच नाहीसं झालेलं. मुसीच्या खोऱ्यात जे झालं तेच, वरचं फुटलं की खालचं. ज्या सांडव्याला ४२ वर्षांच्या विश्वेश्वरय्यांनी दरवाजे बसवले, ते धरण त्यांच्या डोळ्यांदेखत गेलं. कोणतेही स्वयंचलित दरवाजे एवढ्या पाण्यासाठी नव्हते. ते पावसाच्या पुरासाठी होते, वरचं अख्खं धरण अंगावर येण्यासाठी नाही. पुढच्या एप्रिलमध्ये, १९६२ साली, ते बंगळूरला वारले. खडकवासला पुन्हा बांधलं गेलं आणि आजही पुण्याला पाणी देतं.

दरवाज्यांची गोष्ट अजून चालूच आहे. १० ऑगस्ट २०२४ च्या रात्री तुंगभद्रा धरणाच्या १९ नंबरच्या दरवाज्याची साखळी तुटली आणि भरलेल्या धरणाचा दरवाजा वाहून गेला. ते धरण १९५० च्या दशकातलं. भिंत शाबूत होती, गेली ती साखळी.

हा लेख लिहायच्या आधी मी आमच्या भागात पाणी सोडणाऱ्या काकांना भेटलो. पाणी रात्री अडीचला येणार होतं, म्हणून मीही जागा राहिलो. रस्त्यातलं लोखंडी झाकण त्यांनी कांबीने उचललं, लांब दांड्याची चावी आत घातली आणि फिरवायला लागले. अगदी हळू. एक आटा, थांबायचं, कान लावायचा, दुसरा आटा. मी विचारलं, काका एवढं सावकाश का? ते म्हणाले की झटकन सोडलं तर पुढच्या वळणावर पाइप जातो, दोनदा गेलाय. वॉटर हॅमर हा शब्द त्यांनी कधी ऐकलेला नाही. कोणत्या व्हॉल्व्हचे किती आटे, कुठे उलटे फिरतात, कोणता पाइप कोणत्या घराखालून गेलाय, हे सगळं त्यांच्या डोक्यात आहे. कागदावर कुठे आहे का विचारलं तर हसले. ते पुढच्या वर्षी रिटायर होतायत. सोबत एक नवीन पोरगा दिलाय, तो टॉर्च धरून उभा होता.

मी फोन काढला, लोकेशन ऑन केलं आणि प्रत्येक झाकणापाशी एक पिन टाकत त्यांच्या मागे फिरलो. पहाटे पाचपर्यंत २३ पिना झाल्या. प्रत्येक पिनेखाली आट्यांचा आकडा लिहिलाय. राहिलेली झाकणं पुढच्या पाळीला.